विश्लेषण : शिष्यवृत्तीपासून डॉक्टरेटपर्यंत १४ वर्षे... घरातला पहिला पदवीधर संशोधक कसा झाला? आंबेडकरांचा प्रवास आज काय सांगतो?

सिंदेवाही, नागभीड, मूल किंवा पलीकडच्या गडचिरोली जिल्ह्यातून महाविद्यालयात येणाऱ्या अनेक मुलामुलींच्या घरात त्यांच्याआधी कुणी पदवीचे तोंड पाहिलेले नसते. पदवी हातात पडते आणि पुढे काय, या प्रश्नाशी गाडी अडते. संशोधन म्हणजे नेमके काय, मार्गदर्शक कसा मिळतो, शिष्यवृत्ती मध्येच संपली तर काय करायचे, हे सांगणारे घरात कुणी नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यासमोर शंभर वर्षांपूर्वी हेच प्रश्न होते. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. संशोधक विद्यार्थी म्हणून त्यांनी काढलेली वर्षे मात्र कमी सांगितली जातात.

घरात शिक्षण कुठवर होते?

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांच्या घरात अक्षरओळख होती. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवत. घरात वाचन होते, इंग्रजीचा सराव होता. महाविद्यालयाची पायरी मात्र कुणी चढलेले नव्हते. मुलाला हवे ते पुस्तक आणण्यासाठी रामजींनी लेकींचे दागिने गहाण ठेवल्याची हकिकत प्रसिद्ध आहे.

शाळेत संस्कृत शिकण्याची परवानगी नाकारली गेली, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ मध्ये ते मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. त्या काळी अस्पृश्य समाजातील मुलाने मॅट्रिक होणे हीच मोठी बातमी होती आणि त्यासाठी सत्कारसभाही झाली. त्या सभेला आलेले लेखक कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे वडिलांना खर्च झेपेना, तेव्हा केळूसकरांनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजातील प्रा. मुल्लर यांनी पुस्तके आणि कपडे पुरवले. १९१२ मध्ये भीमराव बी.ए. झाले.

पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याच्या वाटेवर अशी दोन-तीन माणसे भेटावी लागतात. एक दार दाखवणारा, एक पैसा देणारा आणि एक वर्गाबाहेर लक्ष देणारा प्राध्यापक. आंबेडकरांना ती भेटली. गुणवत्ता असूनही ज्यांना ती भेटली नाहीत, त्यांची नोंद कुठेच नाही.

परदेशी शिष्यवृत्ती कोणत्या अटींवर मिळाली?

१९१३ च्या जानेवारीत आंबेडकर बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. थोड्याच दिवसांत, २ फेब्रुवारीला, वडिलांचे निधन झाले. त्याच वर्षी जूनमध्ये बडोदा संस्थानाने त्यांना अमेरिकेत शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. रक्कम होती दरमहा साडेअकरा पौंड. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची, असा करार होता. जुलै १९१३ मध्ये २२ वर्षांचे आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

या पैशातून राहणे, जेवण, पुस्तके भागवायची आणि मुंबईतल्या कुटुंबालाही मदत करायची होती. त्यामुळे हातखर्चाला फारसे काही उरत नसे. जे उरे, ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जाई.

कोलंबियात काय शिकले?

मुख्य विषय अर्थशास्त्र. पण कोलंबियातील नोंदी पाहिल्या, तर निवड किती व्यापक होती ते कळते. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३. शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. सार्वजनिक वित्ताचे एडविन सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ जॉन ड्युई हे त्यांचे प्राध्यापक होते.

जून १९१५ मध्ये प्राचीन भारतीय व्यापारावरील प्रबंधासाठी त्यांना एम.ए. मिळाली. मुंबईच्या महाविद्यालयात नेमलेली पुस्तके वाचून परीक्षा द्यायची पद्धत होती. कोलंबियात प्रश्न स्वतः शोधायचा, कागदपत्रे धुंडाळायची, दाखले द्यायचे आणि वर्गासमोर मांडणी करून उलटतपासणीला तोंड द्यायचे, ही रीत होती. आंबेडकरांमधला संशोधक या बदलात घडला.

चर्चासत्रातला तो निबंध महत्त्वाचा का?

९ मे १९१६ रोजी प्रा. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यात त्यांनी आधी दुसऱ्यांचे काम तपासले. सेनार, नेसफील्ड, रिझली आणि मराठी वाचकांना ज्ञानकोशकार म्हणून परिचित असलेले श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या जातीविषयक व्याख्या पुढे ठेवल्या, प्रत्येकीत काय सुटते ते दाखवले आणि मग स्वतःचे मत मांडले. जातीबाहेर लग्न न करण्याच्या नियमातून जात टिकते, हा त्या मांडणीचा गाभा होता. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथांचा संबंध त्यांनी याच नियमाशी जोडला.

हा निबंध मे १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापून आला. वर्गात वाचलेला निबंध वर्षभरात प्रतिष्ठित नियतकालिकात आला. ज्या व्यवस्थेने त्यांना शाळेत वेगळे बसवले, तिच्याकडेच त्यांनी अभ्यासाचा विषय म्हणून पाहिले. अनुभव त्यांच्या गाठीशी होताच. त्याला पुराव्याची आणि तुलनेची शिस्त लावली की त्याचे संशोधन होते, हे या निबंधातून दिसते.

शिष्यवृत्ती संपली तेव्हा काय झाले?

जून १९१६ मध्ये पीएच.डी.साठीचा ‘नॅशनल डिव्हिडंड ऑफ इंडिया’ हा प्रबंध लिहून झाला आणि आंबेडकर लंडनला गेले. ऑक्टोबरमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि कायद्यासाठी ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये सारे अर्धवट टाकून परतावे लागले. प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीमुळे एक सवलत मात्र मिळाली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आल्यास अभ्यास पुढे सुरू करता येणार होता.

परतीच्या प्रवासात पुस्तकांसह त्यांचे सामान दुसऱ्या जहाजाने येत होते. पहिले महायुद्ध सुरू होते. ते जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले.

करारानुसार ते बडोद्यात नोकरीवर हजर झाले. तिथे कोलंबियाची पदवी कामी आली नाही. राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहात ओळख लपवून राहावे लागले आणि ओळख उघड होताच तिथून बाहेर काढण्यात आले. कचेरीत शिपाई कागदपत्रे लांबून टाकत. काही दिवसांतच त्यांना मुंबईला परतावे लागले. उच्च शिक्षण घेतले की सामाजिक अडथळे आपोआप दूर होतात, हा समज इथे खोटा ठरला.

संशोधन थांबले का?

थांबले नाही. १९१८ मध्ये भारतीय अर्थशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात त्यांचा शेतीच्या लहान तुकड्यांवरील निबंध प्रसिद्ध झाला. जमिनीचे तुकडे एकत्र केले की शेती सुधारेल, असे तेव्हा बोलले जात होते. आंबेडकरांनी प्रश्न उलटा करून पाहिला. शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवर ठरत नाही, त्यावर लागणारे श्रम आणि भांडवल यांच्या प्रमाणात ठरते, असे त्यांनी दाखवले. शेतीवर अवलंबून असलेल्या जादा माणसांना उद्योगांत काम मिळाल्याशिवाय नुसते एकत्रीकरण पुरणार नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. धानाच्या बांध्यांची वाटणी होत गेलेल्या झाडीपट्टीत हा प्रश्न आजही समजावून सांगावा लागत नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये होता. हा पगार म्हणजे लंडनच्या परतीच्या तिकिटाची पुंजी होती. मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि कोलंबियातील मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज, एवढ्या बळावर जुलैमध्ये ते पुन्हा निघाले. चार वर्षांची मुदत अजून संपलेली नव्हती.

प्रबंध परत का आला?

लंडनमधील दिनक्रम कडक होता. सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जायचे ते संध्याकाळी बंद होईपर्यंत. जेवणात काटकसर. जून १९२१ मध्ये ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकेंद्रीकरणावरील प्रबंधासाठी एम.एस्सी. मिळाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा डी.एस्सी.चा प्रबंध सादर केला.

विषय रुपयाच्या मूल्याचा होता. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या पुस्तकात भारतातील सुवर्ण विनिमय पद्धतीची बाजू घेतली होती. आंबेडकरांनी तिला विरोध केला. या पद्धतीत चलन वाढवण्याचा अधिकार सरकारच्या मर्जीवर राहतो, त्यातून महागाई होते आणि तिची झळ सामान्यांना बसते, अशी त्यांची मांडणी होती.

मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी प्रबंध फेरलेखनासाठी परत केला. पैसे संपत आले होते. आंबेडकर एप्रिलमध्ये मुंबईला परतले, तिथे प्रबंधाची मांडणी सुधारली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा पाठवला. नोव्हेंबर १९२३ मध्ये तो मान्य झाला आणि डिसेंबरमध्ये पुस्तकरूपाने आला. प्रा. कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. त्यांना या पुस्तकातील अनेक मुद्दे मान्य नव्हते आणि तसे त्यांनी प्रस्तावनेतच नोंदवले. विद्यार्थ्याचे मत पटत नसतानाही त्याच्या कामाच्या पाठीशी उभा राहणारा मार्गदर्शक कसा असतो, ते या प्रस्तावनेत दिसते. दोन वर्षांनी, डिसेंबर १९२५ मध्ये, भारतीय चलनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे आंबेडकरांनी साक्ष दिली.

पीएच.डी.ला ११ वर्षे का लागली?

कोलंबियाचा प्रबंध १९१६ मध्ये लिहून झाला होता. पण पदवीसाठी छापील प्रती द्याव्या लागत आणि छपाईला पैसे नव्हते. अखेर १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशन संस्थेने सुधारित प्रबंध ‘द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया’ या नावाने काढला. १८३३ ते १९२१ या काळात केंद्र आणि प्रांत यांच्यातील पैशाचे संबंध कसे बदलत गेले, याचा तो अभ्यास आहे. प्रस्तावना सेलिग्मन यांची आणि अर्पणपत्रिका सयाजीराव गायकवाड यांना. ८ जून १९२७ रोजी पीएच.डी. रीतसर मिळाली. तोवर आंबेडकरांचे वय ३६ झाले होते आणि महाडचा सत्याग्रह होऊन गेला होता.

पुढच्या पिढीसाठी काय केले?

आपल्याला मिळालेल्या योगायोगांवर दुसऱ्यांनी विसंबून राहू नये, यासाठी त्यांनी संस्था उभ्या केल्या. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. १९२५ मध्ये सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. गावातून आलेल्या मुलाला शहरात आधी राहायला जागा लागते, हे बडोद्यात शिकलेले सत्य होते.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात आले. अस्पृश्य समाजाच्या मागण्यांचे निवेदन त्यांनी सरकारला दिले. त्यात उच्च शिक्षणाचा आणि परदेशी शिष्यवृत्तीचा आग्रह होता. त्यानंतर १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी केंद्राकडून शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. आजच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे मूळ तिथे आहे.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करणाऱ्यांनाही शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग भरत. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झाले आणि मराठवाड्यातील कित्येक घरांतला पहिला पदवीधर तिथून बाहेर पडला. दोन्ही ठिकाणी त्यांनी ग्रंथालयाकडे विशेष लक्ष दिले.

चंद्रपूर जिल्ह्याशी संबंध काय?

१४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, आंबेडकरांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. त्यात पुढाकार होता बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा. चंद्रपूरचे राजाभाऊ इंग्लंडमधून कायदा शिकून आलेले आणि पुढे १९६९ ते १९७२ या काळात राज्यसभेचे उपसभापती झाले. आंबेडकरांनी दाखवलेली वाट या जंगली मुलखापर्यंत पोहोचल्याचे ते उदाहरण होते. चंद्रपूरच्या समारंभानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे निधन झाले.

संशोधनाची भाषा अवगत असणे का गरजेचे आहे, याचा धडा सिंदेवाहीच्या आसपासच घडला आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले अल्पभूधारक शेतकरी. शेतातल्या वेगळ्या लोंब्या हेरून, वर्षानुवर्षे निवड करत त्यांनी एचएमटी हे धानाचे वाण तयार केले. १९९४ मध्ये हे बियाणे सिंदेवाहीच्या कृषी संशोधन केंद्रात गेले आणि १९९८ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने पीकेव्ही-एचएमटी हे वाण प्रसारित केले. श्रेय डावलले गेले, असे दादाजींचे म्हणणे होते, तर बियाण्याचे शुद्धीकरण आपण केले, असे विद्यापीठाचे. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानच्या पुरस्काराने दादाजींचा गौरव झाला. पण निरीक्षण, नोंद आणि प्रसिद्धी यांपैकी शेवटच्या दोन पायऱ्या ज्याच्या हातात नसतात, त्याचे ज्ञान दुसऱ्याच्या नावावर चढू शकते, एवढे या वादातून स्पष्ट होते.

आज कोणत्या वाटा उपलब्ध आहेत?

अमेरिकेत यासाठी स्वतंत्र योजना आहे. कृष्णवर्णीय भौतिकशास्त्रज्ञ आणि अंतराळवीर रोनाल्ड मॅकनेअर यांचा १९८६ मध्ये चॅलेंजर यानाच्या दुर्घटनेत मृत्यू झाला. त्यांच्या नावाने तिथल्या सरकारने सुरू केलेल्या कार्यक्रमात घरातले पहिले पदवीधर, गरीब आणि संशोधनात कमी प्रतिनिधित्व असलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांना पदवीच्या काळातच प्राध्यापकांसोबत संशोधन करायला मिळते. त्यासाठी विद्यावेतन असते, निष्कर्ष मांडण्याची संधी असते आणि पुढच्या प्रवेशअर्जासाठी मदतही केली जाते.

आपल्याकडे वाटा विखुरलेल्या आहेत. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठामुळे चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या विद्यार्थ्यांना नागपूरवर अवलंबून राहावे लागत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या चौथ्या वर्षात संशोधन करता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. परदेशी शिक्षणासाठी केंद्राची राष्ट्रीय समुद्रपार शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. राज्यात अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती देतात.

विषयांची तर या भागात वाण नाही. माजी मालगुजारी तलावांचे पाणीवाटप, मोह आणि तेंदूपानाचा व्यवहार, वाघ-माणूस संघर्ष, मेंढा (लेखा) गावाने मिळवलेला सामूहिक वनहक्क, हे सगळे विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. आंबेडकरांनीही जात, जमीन, रुपया आणि प्रांतांचा पैसा हे विषय आपल्या समाजाच्या रोजच्या जगण्याला भिडणारेच निवडले होते.

मग अडते कुठे?

आंबेडकरांच्या प्रवासात हुशारी कुठेच कमी पडली नाही. गाडी अडली ती शिष्यवृत्तीच्या मुदतीवर, राहण्याच्या जागेवर आणि छपाईच्या खर्चावर. आजचे विद्यार्थीही वेळेवर न येणाऱ्या अधिछात्रवृत्तीवर, शहरातल्या खोलीभाड्यावर आणि मार्गदर्शक न मिळण्यावर अडतात. आंबेडकरांना केळूसकर, सयाजीराव, शाहू महाराज, भथेना आणि कॅनन योग्य वेळी भेटले, म्हणून १४ वर्षांनी का होईना, वर्तुळ पूर्ण झाले. तालुक्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या प्रत्येक हुशार मुलीला असे पाच जण भेटतीलच असे नाही. ती जबाबदारी महाविद्यालये, विद्यापीठ आणि सरकार यांनी उचलायची असते. वसतिगृह, ग्रंथालय आणि शिष्यवृत्ती या तीन गोष्टींचा आग्रह बाबासाहेबांनी अखेरपर्यंत धरला तो त्यासाठीच.